इंदूरहून मुंबईला नाटकं बघायला जाताय? मग हॉटेलचं असं जमवा

इथल्या सानंद ह्या नाट्यसंस्थेचा प्रयोग सुटला की पार्किंगमध्ये गाडी काढता काढता कुणीतरी हमखास विचारतंच, काय हो, तुम्ही लोक मुंबईला जाऊन नाटकं बघून येता म्हणे, उतरता कुठे? मी सांगायला लागले की पंधरा मिनिटं जातात, मागचे हॉर्न वाजवतात, आणि अर्धं सांगायचं राहूनच जातं. म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता, दादरला मामाकडे उतरायचं. आता मामा घोडबंदरला राहायला गेला, आणि रात्री साडेआठचा प्रयोग बघून साडेबाराला कुणाच्या घराची बेल वाजवायची म्हणजे आपल्यालाच कसंतरी होतं, मामी बिचारी आमटी गरम करायला जागी बसते. मधे एकदा लॉजवर उतरून बघितलं. रात्री परत आलो तर शटर खाली, आत पोऱ्या झोपलेला, आणि आमची ७४ वर्षांची आत्या पायरीवर पर्स मांडीत घेऊन बसलेली. त्या दिवसापासून आमच्या आठजणांच्या कंपूचं ठरलं की वर्षातून एकदाच जायचं पण चोवीस तास रिसेप्शन चालू असलेल्या मोठ्या हॉटेलातच राहायचं.

आता मोठं हॉटेल म्हटलं की लोक स्विमिंग पूल नि समुद्र दिसतो का ते बघतात. अहो, आपण अंधारात बसून नाटक बघायला चाललोय. नाटकाच्या ट्रिपला हॉटेलात दोनच गोष्टी बघायच्या, दुपारी तिथे गाढ झोप मिळेल का, आणि रात्री साडेअकराला गरम जेवण मिळेल का. बाकी सगळं ह्या दोन गोष्टींवरून ठरवायचं.

आधी काय बुक करायचं

इथेच सगळे घोळ घालतात. रेल्वेचं रिझर्व्हेशन नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, आणि मराठी व्यावसायिक नाटकाचा प्लॅन लागतो, म्हणजे तिकीटविक्री सुरू होते, प्रयोगाच्या काही दिवस आधी. म्हणजे नाटक बघून ट्रेन ठरवू म्हणाल तर ट्रेन गेली. आम्ही उलटं करतो. एक शनिवार-रविवार पक्का करायचा, ६० दिवस आधी सकाळी बसून अवंतिका एक्सप्रेसची तिकिटं काढायची, त्याच दिवशी हॉटेल बुक करायचं पण कॅन्सल केलं तर पैसे परत मिळतील असंच, आणि नाटकाची तिकिटं शेवटी. दादर, पार्ले, ठाणे, बोरिवली मिळून शनिवार-रविवारी इतके प्रयोग असतात की काही ना काही चांगलं सापडतंच. ऑनलाइन बुकिंग बुकमायशोवर आणि तिकिटालयवर होतं, आणि कुणी मुंबईत राहणारं असेल तर त्याला खिडकीवर पाठवा, पुढच्या रांगांमधल्या चांगल्या खुर्च्या तिथे बघून घेता येतात.

एनसीपीए हे कलाकेंद्र, पृथ्वी थिएटर किंवा बीकेसीतलं (वांद्रे-कुर्ला संकुल) २०२३ मध्ये उघडलेलं नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर, इथलं वेळापत्रक मात्र बरंच आधी कळतं. तिथलं काही बघायचं असेल तर आधी ते तिकीट घ्या, मग ट्रेन, मग हॉटेल.

पैसे परत न मिळणारा रेट स्वस्त दिसतो, मोह होतो, मला दोनदा झालाय. पण नाटक म्हणजे जिवंत माणसांचा कारभार, कलाकार आजारी पडला की प्रयोग रद्द. तिकिटाचे पैसे परत येतात, हॉटेलचे येत नाहीत. चार खोल्यांचे पैसे असे एकदा बुडाले आणि तेव्हा आमच्या काकांनी जो चेहरा केला तो अजून लक्षात आहे.

कुठल्या भागात राहायचं

इंदुरात आपण राजवाड्याहून विजयनगर म्हणजे लांब समजतो. मुंबईत दादर ते बोरिवली हे अंतर नाही, तो एक वेगळा दिवस असतो. म्हणून ज्या दिवशी रात्रीचा प्रयोग असेल त्या नाट्यगृहाच्या जवळ राहायचं, दुपारचा प्रयोग लांब असला तरी चालतो कारण दुपारी सगळं चालू असतं.

शिवाजी मंदिर, रवींद्र नाट्य मंदिर आणि माटुंग्याचं यशवंत नाट्य मंदिर ही तीन नाट्यगृहं एकाच पट्ट्यात येतात, त्यामुळे दादर-प्रभादेवी-परळ ह्या भागात हॉटेल मिळालं तर उत्तम, आमचं पहिलं प्राधान्य तेच. पार्ल्याचं दीनानाथ नाट्यगृह आणि जुहूचं पृथ्वी करायचं असेल तर विमानतळाजवळची मोठी हॉटेलं सोयीची, आणि विमानाने जाणाऱ्यांना तर दुधात साखर. एनसीपीए नरिमन पॉइंटला, तिथली समुद्रावरची हॉटेलं आपल्या बजेटच्या बाहेर असतात, पण आता मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण चालू झाली आहे, तेव्हा दादरला राहून विधान भवन स्टेशनला उतरलं की झालं. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला रात्रीचा प्रयोग असेल तर सरळ ठाण्यातच राहा, हट्टाने दादरला राहू नका.

अजून एक, दादरला रिक्षा नाहीत. माहीम आणि शीवच्या पलीकडे दक्षिणेला रिक्षा चालतच नाहीत, फक्त टॅक्सी. आपल्याकडची माणसं हात दाखवत उभी राहतात आणि समोरून काळी-पिवळी निघून जाते.

रेट बघताना टॅक्सचं गणित

हे फार कमी लोकांना माहीत असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्याच्या वर गेलात की सरळ १८. म्हणजे ७४०० ची खोली टॅक्स धरून ७७७० ला पडते आणि ७६०० ची ८९६८ ला. दोनशे रुपयांचा फरक दिसतो, खिशातून जातात जवळजवळ बाराशे, ते पण एका रात्रीचे एका खोलीचे. चार खोल्या दोन रात्री म्हणजे साडेनऊ हजारांच्या वर. म्हणून रेट ७५०० च्या जरा वर दिसला तर हॉटेलला फोन करा, ब्रेकफास्ट काढून टाकला तर किती, असं विचारा, कधीकधी खाली येतो. पण आठजणांत चार म्हातारे असतील तर ब्रेकफास्ट काढू नका, सकाळी सात वाजता चहासाठी त्यांना घेऊन रस्त्यावर फिरण्यापेक्षा टॅक्स परवडला.

बुकिंग झाल्यावर हॉटेलला फोन करायचाच

ऑनलाइन बुकिंग केलं, कन्फर्मेशन आलं, की लोक निवांत होतात. खरं काम इथून पुढे. मी साधारण चार दिवस आधी दुपारी तीन-चारच्या सुमारास फोन करते, सकाळी चेक-आउटची गर्दी असते तेव्हा कुणी धड बोलत नाही. रिझर्व्हेशनवाल्याला नाही, फ्रंट ऑफिसला जोडून द्या म्हणायचं. आणि मग एकेक विचारायचं.

पहिलं, वेगळे दोन पलंग असलेली खोली, म्हणजे ट्विन बेड. ऑनलाइन टिक केलेली असते पण ती फक्त विनंती असते, वचन नाही. आमच्या आत्याला आणि शेजारच्या काकूंना एकदा एकच मोठा पलंग मिळाला, दोघी एकमेकींना पाय लागू नये म्हणून रात्रभर कडेला आकसून झोपल्या, सकाळी दोघींची मान धरलेली, आणि त्यादिवशी दीनानाथला तीन अंकी नाटक होतं.

दुसरं, बँक्वेट हॉल कुठल्या मजल्यावर आहे आणि त्या दिवशी तिथे काही आहे का. मोठ्या हॉटेलात तुळशीच्या लग्नानंतर रोज कुणाचं तरी संगीत असतं. एकदा आम्हाला हॉलच्या बरोबर वरची खोली मिळाली, दुपारी तीनला साउंड चेक सुरू झाला, हॅलो हॅलो माइक टेस्टिंग, आणि आमची दुपारची झोप गेली. रात्री साडेआठच्या प्रयोगात दुसऱ्या अंकाला आमच्या रांगेतले तिघं घोरत होते, मी मोजले. तेव्हापासून मी स्पष्ट सांगते, हॉलपासून लांब, लिफ्टला लागून नको, रस्त्याच्या बाजूला नको, आणि चारही खोल्या एकाच मजल्यावर.

तिसरं, रात्री साडेअकरा-बाराला काय खायला मिळतं. ‘चोवीस तास रूम सर्व्हिस’ असं लिहिलेलं असतं पण अकरानंतर बऱ्याच ठिकाणी मेनू छोटा होतो, सँडविच, पास्ता, बिर्याणी एवढंच. दाल-खिचडी किंवा दही-भात मिळेल का ते नाव घेऊन विचारा.

चौथं, बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का, टबमध्ये चढून शॉवर घ्यावा लागतो का. म्हाताऱ्या माणसांना तो टब म्हणजे संकट असतं.

हे सगळं बोलून झालं की ज्याच्याशी बोललात त्याचं नाव लिहून घ्या आणि तेच सगळं चार ओळींच्या मेलमध्ये पाठवा. काउंटरवर गेल्यावर ‘असं कुणी सांगितलं’ म्हणाले की मोबाइल पुढे करता येतो.

पहाटे पोचल्यावरचे आठ तास

अवंतिका संध्याकाळी इंदूरहून निघते आणि पहाटेच मुंबई सेंट्रलला आणून सोडते. हॉटेलचं चेक-इन दुपारी दोन किंवा तीनला. ह्या मधल्या वेळाचं काय करायचं हे घरून ठरवून निघा, नाहीतर लॉबीतल्या सोफ्यावर आठ माणसं, अकरा बॅगा आणि एक सेवचा डबा असं दृश्य होतं, आणि तिथला स्टाफ आपल्याकडे बघून हसतो तरी किंवा बघतच नाही.

अर्ली चेक-इन मागितलं तर आदल्या रात्री खोली रिकामी असली तरच मिळतं, आणि सकाळी सहा म्हणजे बहुतेक हॉटेलं अर्ध्या दिवसाचे किंवा पूर्ण रात्रीचे पैसे लावतात. आम्ही मधला मार्ग काढलाय. चारपैकी फक्त एक खोली आदल्या रात्रीपासून घ्यायची. पोचल्यावर त्या एका खोलीत पाळीपाळीने सगळ्यांच्या आंघोळी, म्हातारी माणसं तिथेच आडवी होतात, बाकीचे नाश्त्याला बाहेर. बाकी तीन खोल्यांचं सामान बेल डेस्कवर, म्हणजे लॉबीतल्या सामान सांभाळणाऱ्या काउंटरवर ठेवायचं, टॅग घ्यायचा, पैसे बहुधा लागत नाहीत. ज्या खोलीचे आदल्या रात्रीपासून पैसे दिले तिच्या बुकिंगमध्ये ‘पहाटे सहाला पोचणार’ असं लिहायला विसरू नका, नाहीतर रात्री माणूस आलं नाही म्हणून नो-शो टाकून खोली दुसऱ्याला देऊन मोकळे होतात.

बोरिवलीलाही गाडी थांबते बरं का, पार्ला-जुहूकडे राहणार असाल तर मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊन उलटं येऊ नका.

काउंटरवर

प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं, फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाही. पॅन कार्ड चालत नाही कारण त्यावर पत्ता नसतो. आधारची मास्क केलेली, म्हणजे नंबर झाकलेली प्रत डाउनलोड करून सगळ्यांची एका फोल्डरमध्ये ठेवा, दहा मिनिटांत काम होतं.

मग डिपॉझिट मागतात. इथे डेबिट कार्ड देऊ नका. कार्डवर दोन-पाच हजार अडकवून ठेवतात आणि चेक-आउटनंतर ते सुटायला कधी आठवडा लागतो. क्रेडिट कार्ड असेल तर ते द्या, नाहीतर यूपीआयने किती घेतलं त्याची पावती मागा. माझ्या भावाचे एका ठिकाणी नऊ दिवस अडकले होते, तो रोज बँकेला फोन करायचा आणि बँक म्हणायची हॉटेलला विचारा.

खोलीत गेल्यावर

सगळ्यात आधी प्रत्येक खोलीला दोन किल्ल्या, म्हणजे दोन कार्डं मागून घ्या. एक भिंतीतल्या खाचेत राहिलं तरच दिवे आणि एसी चालू राहतात, आणि एकच कार्ड असेल तर एकजण खाली गेला की दुसरा अंधारात. शिवाय बऱ्याच हॉटेलांत लिफ्ट कार्ड लावल्याशिवाय तुमच्या मजल्याचं बटण घेतच नाही. आमची आत्या एकदा एकटीच लिफ्टमध्ये शिरली, सातचं बटण दाबत राहिली, लिफ्ट ढिम्म, मग कुणीतरी वरून बोलावली तर थेट चौदाव्यावर, तिथून परत लॉबी, असं तीनदा झालं. चौथ्या वेळी एका परक्या मुलाने तिला खोलीपर्यंत सोडलं. ती अजून सांगते, मुलगा मोठा सज्जन हो, पण नाव विचारायचं राहिलं. तर घरातल्या मोठ्यांना पहिल्याच फेरीत कार्ड कुठे लावायचं ते हाताने लावायला लावा, नुसतं सांगून उपयोग नाही.

हाउसकीपिंगला सांगून ठेवा की खोली सकाळी दहा-अकराच्या आत साफ करा. त्यांच्या हिशोबाने पाहुणे दुपारी बाहेर असतात म्हणून ते दोन-तीनला बेल वाजवतात, आणि आपली नेमकी तीच झोपेची वेळ. झोपताना दाराला ‘डू नॉट डिस्टर्ब’ लटकवा आणि फोनचं रिसिव्हर तपासा, मागच्याने नीट ठेवलेलं नसतं तर वेक-अप कॉल येत नाही.

मिनीबारला, म्हणजे खोलीतल्या छोट्या फ्रिजमधल्या विकतच्या खाण्यापिण्याला, हात लावायचा नाही, एवढंच. पाण्याच्या दोन बाटल्या फुकट असतात, अजून मागताना फुकटच्याच मागतोय असं बोलून दाखवा.

नाटकाला निघताना

रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, रुळांच्या कामासाठी, आपल्याकडच्या लोकांना हे डोक्यातच येत नाही. साधारण सकाळी साडेदहा-अकरापासून दुपारी चारपर्यंत कुठल्यातरी लाइनवर गाड्या कमी किंवा उशिरा, म्हणजे नेमका दुपारच्या साडेतीन-चारच्या प्रयोगाला जायचा वेळ. शनिवारीच बघून ठेवा कुठल्या लाइनवर आहे. मेट्रो सुरक्षित.

निघायची वेळ काढताना मी तिसऱ्या घंटेवरून मागे मोजते. साडेआठचा प्रयोग, आठला दारात असायला हवं कारण जिने चढायला आणि बाथरूमला वेळ लागतो, रस्त्याला चाळीस मिनिटं, लॉबीत सगळे जमायला वीस, म्हणजे सातला खाली. पैकी ‘लॉबीत वीस मिनिटं’ ही कधी कमी होत नाहीत, कुणाचा तरी चष्मा वर राहतोच. पृथ्वीला तर आणखी लवकर जा, तिथे खुर्चीचा नंबर नसतो, रांगेत आधी येईल तो पुढे बसतो, आणि नाटक सुरू झालं की दार बंद. इंदूरहून आलोय सांगून काही होत नाही, भिया.

नाट्यगृहाला लिफ्ट आहे का, व्हीलचेअर आत जाते का हे बुकिंग खिडकीला फोन करून विचारायचं. आणि साडेसहाला हॉटेलात काहीतरी पोटात घालून निघा, मध्यंतरातल्या वड्यावर म्हातारी माणसं अकरापर्यंत टिकत नाहीत. वडा खायचा तर खायचाच, तो वेगळा.

रात्री परत येताना

प्रयोग सुटला की दारातच कॅब बुक करायला सगळे एकदम मोबाइल काढतात, भाडं वाढतं आणि गाडी येत नाही. दहा मिनिटं थांबा, कलाकारांना भेटायचं असेल तर ती हीच वेळ, किंवा दोन गल्ल्या चालून पुढच्या नाक्यावर या. मेट्रो ३ रात्री साडेदहाच्या सुमारास बंद होते म्हणून रात्रीच्या प्रयोगानंतर तिच्यावर विसंबू नका, लोकल मात्र बारानंतरही मिळते.

आपण सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजाराने बिघडलेली माणसं, आपल्याला वाटतं रात्री बाराला कुठेही भुट्ट्याचा कीस आणि गरम जिलबी मिळणार. दादरला रात्री बाराला सामसूम होते. म्हणून आम्ही मध्यंतरातच हॉटेलला फोन करून खिचडीची ऑर्डर देतो, साडेअकराला सात नंबरच्या मजल्यावर आणा म्हणून. मग चारही खोल्यांतून खुर्च्या आणून एकाच खोलीत बसायचं, खिचडीवर घरून नेलेली सेव, आणि नाटकावरचं भांडण रात्री दीडपर्यंत. खरं सांगू, ट्रिपमधला सगळ्यात चांगला वेळ हाच असतो.

बिलावर सर्व्हिस चार्ज लावला असेल तर काढायला सांगा. तो सक्तीचा नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे नियम जुलै २०२२ चे आहेत आणि दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलेत. खिचडी आणून देणाऱ्या मुलाला मात्र हातात द्या.

चेक-आउट आणि परतीची गाडी

बिल आदल्या रात्रीच मागवून वाचा. सकाळी अकराला काउंटरवर रांग असते आणि मागे आत्या म्हणत असते, अगं चल ना. मिनीबार, लाँड्री आणि ‘इतर’ ह्या तीन ओळी बघायच्या.

परतीची अवंतिका संध्याकाळीच आहे, तेव्हा रविवारी दुपारी चारचा प्रयोग बघून ती गाठणं होत नाही, आम्ही एकदा तिसरा अंक सोडून धावलो आणि शेवट काय झाला ते वर्षभराने इंदुरात कळलं. एक तर रविवारी सकाळचा प्रयोग मिळतोय का बघा, नाहीतर सरळ सोमवारची गाडी घ्या. रविवारच्या रात्रीचा हॉटेलचा रेट बऱ्याचदा शनिवारपेक्षा कमी असतो, त्यामुळे ती जास्तीची रात्र वाटते तेवढी महाग पडत नाही.

सोमवारी खोली बारापर्यंत सोडायची, सामान परत बेल डेस्कवर. टॅग मात्र एकाच माणसाकडे ठेवा, आणि तो माणूस काका नसावा. काकांनी टॅग शर्टाच्या खिशात ठेवला, शर्ट बॅगेत ठेवला आणि बॅग बेल डेस्कवर दिली.